एरफुर्ट कार्यक्रमाचे दोन भाग

१८९१ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील एरफुर्ट शहरात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले आणि पक्षाचा नवा कार्यक्रम मंजूर झाला. मजकूर दोन भागांत होता. पहिल्या भागात भांडवलशाहीचे भवितव्य सांगितले होते: छोटे उत्पादक बुडत जाणार, उत्पादनाची साधने मूठभरांच्या हाती गोळा होणार, आर्थिक अरिष्टे वाढत जाणार आणि अखेर ही साधने समाजाच्या मालकीची केल्यावाचून गत्यंतर उरणार नाही. दुसऱ्या भागात मागण्या होत्या: वीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मताधिकार, आठ तासांचा कामाचा दिवस, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, मोफत शिक्षण, मोफत औषधोपचार, उत्पन्नाप्रमाणे चढत जाणारा कर. पहिला भाग कार्ल काउट्स्कीने लिहिला, दुसरा मुख्यतः एडुआर्ड बर्नस्टाइनने. दोघे स्नेही, दोघेही फ्रीडरिश एंगल्सच्या तालमीत तयार झालेले. दुसऱ्या भागातील मागण्या एकेक करून पदरात पाडून घेतल्यावर पहिल्या भागातल्या शेवटापर्यंत कसे पोचायचे, हे मात्र त्या कार्यक्रमात सांगितलेले नव्हते.

युरोपच्या समाजवादी कामगार चळवळीत ‘सुधारणा की क्रांती’ हा वाद पुढे पंचवीस वर्षे पेटत राहिला. तो या न सांगितलेल्या गोष्टीचा वाद होता. मराठी वाचकाच्या मनात जहाल आणि मवाळ ही जोडी इतकी पक्की बसलेली आहे की बर्नस्टाइन मवाळ आणि रोझा लक्झेम्बुर्ग जहाल अशी वाटणी करून मोकळे होण्याचा मोह सहज होतो. तो आवरायला हवा. बर्नस्टाइनने वीस वर्षांहून अधिक काळ परदेशात काढला, त्यातला बराच काळ पकड वॉरंटामुळे. त्याला भित्रा म्हणता येणार नाही. लक्झेम्बुर्गही मताधिकारासारख्या सुधारणेसाठी सभांमागून सभा घेत होती, म्हणून तिला सुधारणांचे वावडे होते असेही नाही. धैर्य दोन्हीकडे होते. भांडण वेगळ्याच गोष्टीवर होते: कामगार रोज जे मिळवतो त्याने तो सत्तेच्या जवळ जातो की आहे त्या व्यवस्थेत रुजत जातो?

जर्मनीच या वादाची मुख्य भूमी का ठरली, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८६३ च्या मे महिन्यात लाइपझिगला फर्डिनांड लासालने कामगारांची अखिल जर्मन संघटना उभी केली. सार्वत्रिक मताधिकार मिळवायचा आणि त्याच्या जोरावर सरकारी मदतीने कामगारांच्या सहकारी उत्पादक संस्था काढायच्या, हा त्याचा मार्ग होता. त्यासाठी त्याने प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याशी गुप्त बोलणीही केली. पुढच्याच वर्षी एका द्वंद्वयुद्धात त्याचा अंत झाला. १८६९ मध्ये आयझेनाख येथे आउगुस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीब्कनेख्ट यांनी दुसरा पक्ष काढला. बेबेल पेशाने कातारी. दारांच्या मुठी बनवणारा हा कारागीर पुढे चार दशके जर्मन कामगारांचा सर्वांत मोठा नेता राहिला. १८७५ मध्ये गोठा येथे दोन्ही पक्ष एक झाले. लासालच्या सरकारी मदतीच्या कल्पनेला एकत्रित कार्यक्रमात जागा मिळाली, तेव्हा मार्क्सने लंडनहून त्यावर कडक टीका लिहून पाठवली. पक्षनेत्यांनी ती दडपून ठेवली आणि ती छापली गेली थेट १८९१ मध्ये, एंगल्सच्या आग्रहाने.

मार्क्सचे नाव घेऊन सुधारणांना तुच्छ लेखणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. इंग्लंडमध्ये १८४७ साली स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला. १८६४ मध्ये पहिल्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, उद्घाटनाचे निवेदन लिहिताना मार्क्सने तो तत्त्वाचा विजय असल्याचे म्हटले होते. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा येणे म्हणजे मालकाच्या मर्जीवर समाजाने लगाम घालणे, असा त्याचा विचार होता.

मग १८७८ साल उजाडले. सम्राट पहिल्या विल्हेल्मवर मे आणि जून महिन्यांत दोन प्राणघातक हल्ले झाले. पक्षाचा त्यांत हात नव्हता, तरी बिस्मार्कने संधी साधून ऑक्टोबरात समाजवादीविरोधी कायदा मंजूर करून घेतला. संघटना, सभा, वर्तमानपत्रे, वर्गणी गोळा करणे, सगळ्यावर बंदी आली. बर्लिन, हॅम्बुर्ग, लाइपझिग अशा शहरांतून कार्यकर्त्यांना तडीपार केले गेले. एकच फट उरली. व्यक्ती म्हणून राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूक लढवता येत होती आणि निवडून आल्यावर तिथे बोलता येत होते.

या बारा वर्षांत चळवळीला जे वळण लागले ते नीट पाहण्याजोगे आहे. कामगारांनी गायनमंडळे, धूम्रपान क्लब आणि मदत निधी काढले आणि त्यांच्या आडून संघटना जिवंत ठेवली. पक्षाचे साप्ताहिक ‘डेर सोझियालडेमोक्राट’ झ्युरिकला छापले जाई आणि १८८१ पासून त्याचा संपादक होता बर्नस्टाइन. पातळ कागदावर छापलेले अंक सरहद्दीवरून चोरून जर्मनीत न्यायचे काम युलिउस मोटेलर पाहत असे. कॉन्स्टान्स सरोवर ओलांडून, सामानात दडवून, हाती लागेल त्या वाटेने गठ्ठे आत पोचत. मोटेलरला लोक ‘लाल पोस्टमास्तर’ म्हणू लागले. १८८८ मध्ये बिस्मार्कच्या दबावाखाली स्वित्झर्लंडने या मंडळींना हद्दपार केले, तेव्हा छापखाना लंडनला गेला. ज्या माणसाचे नाव पुढे सनदशीर मार्गाशी कायमचे जोडले गेले, त्याची उमेदीची वर्षे बेकायदा साप्ताहिक चालवण्यात गेली, हे विसरून त्याचे लिखाण वाचू नये.

दडपशाहीबरोबर बिस्मार्कने दुसरा हातही पुढे केला. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये वृद्धत्व आणि अपंगत्वाचा. वृद्धत्वाचे निवृत्तिवेतन सत्तराव्या वर्षी सुरू व्हायचे. किती कामगार ते वय गाठत असतील याची कल्पना वाचकच करू शकेल. समाजवादी खासदारांनी या कायद्यांच्या विरोधात मते दिली. पण आजारपणाच्या विम्याची रचना अशी होती की वर्गणीचा दोन-तृतीयांश भाग कामगारांनी आणि एक-तृतीयांश मालकांनी भरायचा आणि त्याच प्रमाणात स्थानिक निधीच्या कारभारात जागा मिळायच्या. म्हणजे शहराशहरांतल्या आजारनिधींवर कामगारांचे बहुमत. मालकांनी काळ्या यादीत टाकलेल्या कार्यकर्त्यांना या निधींच्या कचेऱ्यांत कारकुनी मिळू लागली. ज्या कायद्याला पक्षाने विरोध केला, त्याच कायद्याने पक्षाला कचेऱ्या, पगारी माणसे आणि कारभाराचा अनुभव दिला. रोजचे काम माणसाला काय शिकवते आणि कुठे बांधून ठेवते, हे पाहायचे असेल तर मोठ्या सिद्धांतांइतकेच या आजारनिधींकडेही पाहावे.

बंदीने पक्ष मेला नाही. १८८१ मध्ये तीन लाखांच्या आसपास घसरलेली मते १८९० मध्ये चौदा लाखांवर गेली. बंदीचा कायदा त्याच वर्षी संपला आणि बिस्मार्कचीही खुर्ची गेली. हा विजय मतपेटीतून आला होता आणि त्याचा परिणाम सगळ्यांच्या विचारांवर झाला. १८९५ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, एंगल्सने मार्क्सच्या फ्रान्सवरील जुन्या लेखांना प्रस्तावना लिहिली. रुंद रस्ते, रेल्वे आणि नव्या बंदुका आल्यामुळे १८४८ च्या क्रांतीसारखी रस्त्यांत अडथळे रचून करायची लढाई आता बहुतांशी कालबाह्य झाली आहे, असे त्याने तीत लिहिले. बर्लिनच्या नेत्यांनी सरकारच्या भीतीने त्यातला तिखट भाग गाळायला लावला. त्यातही पक्षाच्या मुखपत्राने निवडक उतारे असे छापले की एंगल्स कोणत्याही परिस्थितीत कायद्याला चिकटून राहणारा माणूस वाटावा. तो संतापला आणि काउट्स्कीला लिहून त्याने निषेध नोंदवला. पण ऑगस्टमध्ये तो गेला. ईस्टबोर्नजवळच्या समुद्रात त्याच्या अस्थी सोडायला गेलेल्या मोजक्या लोकांत बर्नस्टाइन होता.

पुढच्या वर्षी त्याच बर्नस्टाइनने काउट्स्कीच्या ‘नॉये त्साइट’ साप्ताहिकात लेखमाला सुरू केली. १८९९ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि एरफुर्ट कार्यक्रमाच्या पहिल्या भागाला सुरुंग लागला. त्याचे मुद्दे आकडेवारीवर उभे होते. छोटे उद्योग नाहीसे होत नाहीत. शेतीत मोठी मालकी छोटीला गिळताना दिसत नाही. भागभांडवलाच्या कंपन्यांमुळे मालकांची संख्या वाढते आहे. भाकीत केलेले महाअरिष्ट येत नाही, कारण पतपुरवठा, दळणवळण आणि उद्योगांच्या संघांमुळे व्यवस्था सावरून घेते. मग पक्षाने आपण काय करतो ते उघड सांगावे: आपण लोकशाही आणि सुधारणा यांसाठी झटणारा पक्ष आहोत. दूरच्या अंतिम ध्येयापेक्षा चालू चळवळ आपल्याला मोलाची वाटते, असेही त्याने स्पष्ट लिहिले. हे वाक्य त्याला जन्मभर चिकटले. पक्षाचा अनुभवी चिटणीस इग्नात्स आउअर याने त्याला पत्र लिहून समजावले की या गोष्टी बोलायच्या नसतात, ठराव करून मांडायच्या नसतात, नुसत्या करायच्या असतात. पक्षाची खरी अवस्था आउअरने उघड केली होती. बर्नस्टाइनचा गुन्हा एवढाच की त्याने ती छापून टाकली.

उत्तर आले ते सत्तावीस वर्षांच्या एका पोलिश ज्यू बाईकडून. रोझा लक्झेम्बुर्गचा जन्म रशियाच्या ताब्यातील पोलंडमधला. झ्युरिकला तिने पोलंडच्या औद्योगिक विकासावर डॉक्टरेट मिळवली, जर्मन नागरिकत्वासाठी नावापुरते लग्न केले आणि १८९८ च्या मे महिन्यात ती बर्लिनला आली. पक्षाने तिला लगोलग अप्पर सायलेशियात पोलिश खाणकामगारांमध्ये प्रचाराला धाडले. सप्टेंबरात लाइपझिगच्या पक्षपत्रात तिचे लेख येऊ लागले आणि पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक झाले. तिचा सर्वांत भेदक मुद्दा कायद्याविषयी आहे. सरंजामी बंधने कायद्यात लिहिलेली होती, म्हणून ती कायद्याने रद्द करता आली. मजुराला भांडवलदाराच्या दारात उभे राहायला कोणताच कायदा सांगत नाही. त्याच्याकडे साधने नाहीत म्हणून तो जातो. जे कायद्यात नाही ते कायदा बदलून कसे काढून टाकणार? सुधारणांसाठी झगडायचेच, ती म्हणते, पण त्या झगड्यातून कामगारवर्गाने सत्ता घ्यायला शिकावे म्हणून. सत्तेचा हेतू सोडला की वाट तीच राहत नाही, मुक्कामही बदलतो. पतपुरवठ्याने अरिष्ट टळते या मताला तिने दिलेले उत्तरही आज वाचण्याजोगे आहे: पत व्यवस्थेला ताणते, आणि ताणलेली गोष्ट तुटते तेव्हा जास्त जोरात तुटते.

ती चुकली कुठे? कामगार संघटनांच्या रोजच्या कामाला तिने पुन्हा पुन्हा घसरणारा दगड डोंगरावर ढकलण्याची उपमा दिली. संघटनांचे पुढारी तिला याबद्दल कधी क्षमा करू शकले नाहीत आणि त्यांचा राग अगदीच निराधार नव्हता.

सॅक्सनीतल्या क्रिमिचाउ या कापडगिरण्यांच्या गावाकडे पाहावे. १९०३ च्या ऑगस्टात तिथल्या हजारो गिरणीकामगारांनी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांनी, अकरा तासांऐवजी दहा तासांचा दिवस मागितला. मागणी एका तासाची होती: घरासाठी, स्वतःसाठी, जगण्यासाठी एक तास. मालकांनी टाळेबंदीने उत्तर दिले. जर्मनीभरचे कारखानदार त्यांच्या मदतीला पैसे पाठवू लागले. दुसऱ्या बाजूने देशभरचे कामगार संपकऱ्यांसाठी वर्गणी गोळा करू लागले. गावात जादा पोलीस आणले गेले, सभा बंद झाल्या. जवळजवळ पाच महिन्यांनी, १९०४ च्या जानेवारीत, कामगार काहीही न मिळवता कामावर परतले. म्हणजे संप फसला. पण स्त्रियांच्या दहा तासांच्या दिवसाचा कायदा १९०८ मध्ये राइशस्टागने मंजूर केला आणि १९१० पासून तो लागू झाला. हा सुधारणेचा विजय मानायचा की संघर्षाचा? क्रिमिचाउच्या बायांनी पाच महिने उपास काढले नसते तर संसदेत हा प्रश्न इतक्या निकडीने आला नसता. आणि संसद नसती तर त्यांचा पराभव पराभवच राहिला असता. वादातल्या दोन्ही पक्षांना पुरून उरणारी अशी उदाहरणे या इतिहासात बरीच आहेत.

हानोव्हरला १८९९ मध्ये आणि ड्रेस्डेनला १९०३ मध्ये पक्षाने बर्नस्टाइनच्या मतांचा निषेध केला. त्याला काढून मात्र टाकले नाही. १९०१ मध्ये मायदेशी परतून पुढच्या वर्षी तो ब्रेस्लाउमधून राइशस्टागवर निवडून आला. ठराव क्रांतीचे आणि कारभार सुधारणेचा, अशी विभागणी पक्की झाली.

या विभागणीला एक भिंत आडवी होती: प्रशिया. राइशस्टागसाठी सर्व प्रौढ पुरुषांना मत होते, पण जर्मनीच्या या सर्वांत मोठ्या राज्याच्या विधानसभेसाठी १८४९ पासून त्रिवर्गीय मतदान चालत असे. भरलेल्या कराच्या रकमेचे तीन समान हिस्से करायचे; पहिला हिस्सा भरणारे मूठभर श्रीमंत आणि शेवटचा भरणारे लाखो गरीब यांना सारखीच ताकद. मतदानही उघड. १९०३ मध्ये समाजवाद्यांना तिथे जवळपास १९ टक्के मते मिळाली आणि जागा एकही नाही. बर्नस्टाइनच्या मार्गातली ही खरी अडचण: मतपेटीने मतपेटीच बदलत नाही तेव्हा काय करायचे? बेल्जियमने १८९३ मध्ये सार्वत्रिक संपाने उत्तर दिले आणि मताधिकाराचा विस्तार मिळवला, भले तो श्रीमंतांना जादा मते देणारा असो. १९०५ मध्ये रशिया पेटला, तेव्हा लक्झेम्बुर्ग जनसंपाच्या बाजूने उभी राहिली. विशेष म्हणजे मताधिकाराच्या रक्षणासाठी राजकीय संप करावा, असे बर्नस्टाइनचेही मत होते. विरोध केला तो युनियनच्या पुढाऱ्यांनी. १९०५ च्या कोलोनच्या परिषदेत त्यांनी जनसंपाची चर्चाच धोक्याची ठरवली आणि पुढच्या वर्षी मानहाइमला पक्षाने मान्य केले की असा निर्णय युनियनच्या संमतीशिवाय घ्यायचा नाही.

फ्रान्समध्ये तोच प्रश्न वेगळ्या रूपात आला. १८९९ मध्ये अलेक्सांद्र मिलेराँ हा समाजवादी मंत्रिमंडळात गेला. त्याच मंत्रिमंडळात युद्धमंत्री होता जनरल गालिफे, १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या कत्तलीतला सेनानी. मिलेराँने कामाचे तास कमी करणारा कायदा करून दाखवला. तरी ज्यांचे आप्त कम्यूनमध्ये मारले गेले होते त्यांना ही सोबत पचणारी नव्हती आणि त्यांच्या भावनेला नुसती भावना म्हणणे अन्याय्य ठरेल.

वसाहतींच्या प्रश्नावर मात्र या वादाचा निवाडा भारतीय वाचकाला वेगळ्या कोनातून करावा लागतो. १९०७ च्या ऑगस्टात श्टुटगार्टला दुसऱ्या इंटरनॅशनलचे अधिवेशन भरले. समाजवादी राजवटीत वसाहतींचे धोरण सुसंस्कृत करणारे असू शकते, असा मसुदा समितीकडून आला. बर्नस्टाइन त्याच्या बाजूने होता. तो १०८ विरुद्ध १२७ मतांनी फेटाळला गेला. याच अधिवेशनात मुंबईत जन्मलेल्या भिकाईजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. त्याआधी तीन वर्षे, ॲमस्टरडॅमच्या अधिवेशनात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दादाभाई नौरोजी ब्रिटिश राज्याखालच्या दारिद्र्याबद्दल बोलले होते. हळूहळू सुधारत नेण्याचा जो मार्ग बर्लिनच्या कामगारासाठी शहाणपणाचा वाटे, तोच जावा किंवा हिंदुस्थानातल्या माणसावर लादला की राज्यकर्त्याची भाषा होऊन बसे. बर्नस्टाइनच्या विचारातली ही सर्वांत मोठी उणीव होय.

१९१२ मध्ये पक्षाला सव्वाचार दशलक्ष मते आणि ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या. दहा लाखांच्या आसपास सभासद, नव्वदच्या आसपास दैनिके, युनियनमध्ये पंचवीस लाख कामगार. दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, या पक्षाने एकमुखाने युद्धकर्जाला मंजुरी दिली. आदल्या दिवशीच्या अंतर्गत बैठकीत चौदा जण विरोधात होते. त्यांतल्याच हूगो हासेला शिस्त म्हणून पक्षाचे निवेदन वाचून दाखवावे लागले. झारच्या रशियाची धास्ती खरी होती. पण उभे केलेले सारे, कचेऱ्या, निधी, छापखाने, एका हुकुमाने जप्त होतील ही भीतीही तितकीच खरी होती.

आणि इथे जहाल-मवाळाची वाटणी पुरती कोलमडते. बर्नस्टाइनने आधी युद्धकर्जाला मत दिले, मग विरोधात गेला. १९१७ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा गोठा शहरातच, युद्धविरोधकांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि त्यात बर्नस्टाइन, काउट्स्की आणि लक्झेम्बुर्गचा स्पार्टाकस गट एकत्र आले. नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीने काही दिवसांत आठ तासांचा दिवस आणि स्त्रियांना मताधिकार दिला आणि प्रशियाचे त्रिवर्गीय मतदान मोडले: एरफुर्टच्या दुसऱ्या भागातल्या मागण्या, पण क्रांतीच्या हातून. १५ जानेवारी १९१९ ला लक्झेम्बुर्ग आणि तिचा स्पार्टाकस गटातला सहकारी, विल्हेल्मचा मुलगा कार्ल लीब्कनेख्ट यांना सरकारच्या बाजूच्या फ्रायकोर या स्वयंसेवक सैनिकांच्या तुकडीने ठार केले. सरकार समाजवाद्यांचे होते. बर्नस्टाइन १९३२ च्या डिसेंबरात वारला, हिटलर चॅन्सेलर होण्याच्या सहा आठवडे आधी.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न उशिरा पण तितक्याच धारेने आला. १९२८ च्या प्रदीर्घ संपाने गिरणी कामगार युनियनला बळ दिले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आयटक या अखिल भारतीय कामगार संघटनेचे अधिवेशन भरले. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाचे काय करायचे, हा तिथला प्रश्न. कामगार पुढारी ना. म. जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. बहुमताने बहिष्कार ठरला, जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्याच्या शिफारशींतून १९३६ चा वेतन देण्याविषयीचा कायदा झाला: मजुरी ठरल्या दिवशी द्यायची, दंड मर्यादेतच कापायचा. नागपूरला ज्यांनी बहिष्काराच्या बाजूने हात वर केले होते, त्यांच्या युनियनच्या कामगारांनाही तो लागू होता.